नॅशनल गॅलरी, लंडन: पुस्तकं घेऊन बसलेल्या सिबिल आणि पुस्तक नसलेली कॅथरीन

लंडनच्या ट्रफॅल्गर चौकातली नॅशनल गॅलरी म्हटलं की सूर्यफुलं, फान आइकचं जोडपं आणि फार तर कारावाज्जो, एवढ्यावर बहुतेकांची फेरी संपते. सतराव्या शतकातली इटालियन चित्रं असलेल्या दालनात माणसं शिरतात, कारावाज्जोपाशी थबकतात आणि पुढे निघून जातात. त्याच भागात प्राचीन काळातल्या विदुषींची तीन चित्रं गॅलरीच्या मालकीची आहेत: ग्वेर्चिनो या चित्रकाराच्या दोन सिबिल, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया, आणि आर्टेमिसिया जेंटिलेस्की या चित्रकर्तीची संत कॅथरीन. बाईची विद्वत्ता रंगवायची कशी, या प्रश्नाला बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या, चित्रकारांनी दिलेली अगदी वेगळी उत्तरं इथे एका तासात पाहता येतात आणि त्यासाठी एक पेनीही द्यावी लागत नाही. हे परीक्षण तेवढ्या एका तासाचं आहे. संपूर्ण गॅलरीची ओळख इथे मिळणार नाही.

आधी मत सांगतो. या विषयासाठी ही जागा उत्तम आहे, पण विषय आपण मनात घेऊन जायला हवा. गॅलरीची मांडणी काळ आणि प्रदेश यांनुसार आहे. ‘विद्वान स्त्रिया’ अशी पाटी कुठेही नाही आणि या चित्रांना जोडणारा धागा भिंतीवर लिहिलेला नाही. तयारीशिवाय गेलं तर ग्वेर्चिनोच्या बायका म्हणजे फेटे बांधलेल्या दोन देखण्या स्त्रिया, एवढंच हाती लागतं. अर्धा तास वाचून गेलं तर याच दोन चित्रांपुढून पाय निघत नाही.

आधी जाण्यायेण्याचं. गॅलरी रोज सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडी असते, शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. २४ ते २६ डिसेंबर आणि १ जानेवारी बंद. चेरिंग क्रॉस आणि लेस्टर स्क्वेअर ही दोन्ही स्थानकं चालत पाच मिनिटांच्या आत आहेत. मे २०२५ पासून मुख्य प्रवेश सेन्सबरी विंगमधून आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून मधल्या खांबांच्या पायऱ्या चढत बसू नये. चित्रांवर द्रव फेकण्याचे प्रकार झाल्यानंतर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आत द्रव पदार्थ नेण्यावर बंदी आली. तान्ह्या बाळाचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं तेवढी चालतात. पाण्याची बाटली, चहाचा थर्मास, डब्यातलं ताक हे सगळं दारातच अडतं, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम संकेतस्थळावर पाहून घ्यावा. मोठी प्रवासी बॅग घेऊन विमानतळावरून थेट येऊ नये. फोटो काढता येतात, पण फ्लॅश आणि तिपाई चालत नाही.

वेळ निवडायची मुभा असेल तर शुक्रवारी सहानंतर जावं. शाळांचे गट गेलेले असतात आणि मोठ्या चित्रापुढे मागे सरकायला जागा मिळते. ग्वेर्चिनोसाठी ती जागा फार महत्त्वाची आहे, कारण पुढे सांगतो. उलट आर्टेमिसियासाठी दुपारी जावं. या दालनांत छतातून उजेड येतो आणि ढगाळ दुपारचा मऊ प्रकाश गडद पार्श्वभूमीच्या चित्रांना फार मानवतो. हिवाळ्यात चारनंतर तो उजेड संपतो आणि उरतात फक्त दिवे. एकाच भेटीत दोन्ही साधायचं तर शुक्रवारी दुपारी तीनला आत शिरावं, आधी कॅथरीन पाहावी, मधे इतर दालनं करावीत आणि सिबिल शेवटी ठेवाव्यात.

सतराव्या शतकातल्या इटालियन चित्रांचं मोठं दालन म्हणजे खोली ३२. मात्र चित्रं हलत असतात. एखादं उसनं परगावी गेलेलं असतं, एखादं दुरुस्तीला. प्रत्येक चित्राच्या पानावर गॅलरीच्या संकेतस्थळावर ते सध्या कोणत्या खोलीत आहे किंवा प्रदर्शनात नाही, हे लिहिलेलं असतं. निघण्याच्या दिवशी सकाळी तिन्ही पानं उघडून पाहणं ही या भेटीतली सर्वांत कामाची दोन मिनिटं. ही सोय गॅलरीने फार नीट ठेवली आहे.

आता सिबिल. प्राचीन ग्रीक-रोमन जगात सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री. रोमन विद्वान व्हारोने अशा दहा जणी मोजल्या. प्रत्येकीची ओळख तिच्या गावाने: क्युमी, समोस, लिबिया, डेल्फी, एरिथ्रे, पर्शिया. त्यांतली क्युमीची सिबिल रोमचा राजा टार्क्विन याच्याकडे नऊ ग्रंथ विकायला आली. राजाने किंमत ऐकून नकार दिला, तेव्हा तिने तीन जाळले आणि उरलेल्या सहांची तीच किंमत मागितली. पुन्हा नकार, पुन्हा तीन आगीत. शेवटच्या तीन ग्रंथांना राजाने मूळचीच सगळी रक्कम मोजली. स्वतःच्या ज्ञानाचा भाव एका पैशाने खाली न आणणारी ही बाई आहे, आणि चित्राकडे जाताना ती कथा बरोबर असावी.

पण जुन्या काव्यातली सिबिल अभ्यासू नाही. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात क्युमीची सिबिल अंगात आल्यासारखी थरथरते, तिचा आवाज बदलतो, ती झाडाच्या पानांवर भविष्य लिहिते आणि वाऱ्याने ती पानं विस्कटली तरी जुळवत बसत नाही. चित्रकारांनी या बाईला खाली बसवलं, तिच्या हाती ग्रंथ दिला आणि तिचं घुमणं थांबवलं. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये सिस्टिन चॅपेलच्या छतावर पाच सिबिल रंगवल्या आणि पुस्तकं-गुंडाळ्या हाताळणाऱ्या भारदस्त स्त्रियांचा साचा पक्का केला. शंभर वर्षांनी बोलोन्या आणि रोममधल्या चित्रकारांनी तो छतावरून उतरवून दिवाणखान्याच्या भिंतीवर आणला. डोमेनिकिनो, ग्विदो रेनी, ग्वेर्चिनो, पुढे एलिझाबेत्ता सिरानी या सगळ्यांच्या काळात एकट्या सिबिलच्या चित्रांना मागणी होती. गिऱ्हाइकालाही ते सोयीचं होतं. एकच आकृती, उंची वस्त्रं, सुंदर चेहरा, आणि विषय धर्माला मान्य. ख्रिस्ती परंपरेने सिबिलना ख्रिस्तजन्माची चाहूल आधीच लागलेल्या परधर्मीय स्त्रिया म्हणून सामावून घेतलं होतं आणि संत ऑगस्टीनने एरिथ्रेच्या सिबिलच्या कवनाची दखल आपल्या ग्रंथात घेतली होती.

ग्वेर्चिनोच्या बाबतीत या बाजाराचा हिशेबही हाती आहे. जोव्हान्नी फ्रांचेस्को बार्बिएरी हे त्याचं खरं नाव. जन्म १५९१, चेंतो गावचा. १६४२ मध्ये रेनी वारल्यावर तो बोलोन्याला येऊन राहिला. १६२९ पासून त्याच्या चित्रशाळेची हिशेबाची वही ठेवलेली आहे आणि ती टिकली आहे. त्याचा भाव आकृतीवर होता: पूर्ण आकृतीला १०० दुकातोनी (चांदीची नाणी), अर्ध्या आकृतीला ५०, नुसत्या डोक्याला २५. हे कळल्यावर या काळातल्या चित्रांकडे बघायची नजर बदलते. अर्धी आकृती हातांसकट दाखवली की पुस्तक, लेखणी, फेटा सगळं बसतं आणि खर्च निम्म्यावर येतो. कमरेपर्यंतच्या सिबिल इतक्या का, याचं हे एक साधं कारण. नॅशनल गॅलरीतल्या दोघी मात्र पूर्ण आकाराच्या, बसलेल्या आहेत. सुमारे २.२ मीटर उंचीचे कॅनव्हास. त्या मागवणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही.

तो मागवणारा म्हणजे चेझेना गावचा जुझेप्पे लोकातेल्ली. त्याला बायबलमधला राजा डेव्हिड आणि क्युमीची सिबिल अशी जोडी हवी होती. १६५१ मध्ये दोन्ही चित्रं तयार होत असताना फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातला राजपुत्र मात्तियास चित्रशाळेत आला, सिबिल त्याच्या मनात भरली आणि ती तोच घेऊन गेला. मग लोकातेल्लीसाठी ग्वेर्चिनोला दुसरी सिबिल करावी लागली, ती समोसची. म्हणजे गॅलरीतल्या दोघी ही मुळात जोडी नव्हे. एक पहिली आणि दुसरी तिच्या जागी आलेली. त्यामुळेच त्यांची तुलना इतकी बोलकी ठरते. तोच चित्रकार, तेच वर्ष, तीच मागणी, तोच आकार, आणि नुकतंच केलेलं पुन्हा न करण्याची जिद्द. राजा डेव्हिडचं चित्र इंग्लंडमधल्या वॉडस्डन मॅनर या वाड्याच्या संग्रहात आहे. २०२४ मध्ये तिथे भरलेल्या प्रदर्शनात डेव्हिड, या दोघी आणि ब्रिटिश राजसंग्रहातली लिबियाची सिबिल एकत्र आली होती.

पाहायची रीत सांगतो. २.२ मीटर उंच चित्र नीट दिसायला साडेतीन ते चार मीटर मागे जावं लागतं. जवळून सुरुवात केली तर नुसतं कापड दिसतं, कारण कापडाने कॅनव्हासचा मोठा हिस्सा व्यापला आहे. लांबून आधी शरीराचा तोल पाहावा: वजन कुठे टेकलं आहे, मान कुठे वळली आहे, नजर कशावर आहे. मग हात. बरोक चित्रात विचार करणारी बाई ओळखायची ती हातांवरून, चेहरा बऱ्याचदा नेहमीचाच असतो. हात ग्रंथ नुसता धरतो की पान राखतो, बोट ओळीवर आहे की कडेवर, हे दोन्ही चित्रांत आळीपाळीने तपासावं. त्यानंतर दीड मीटरवर जाऊन अक्षरं वाचावीत. क्युमीच्या सिबिलसमोर एक देवबाळ दगडी पाटी धरून आहे. तिच्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा: ज्यावर देवाला ताणलं गेलं ते धन्य काष्ठ. रोख क्रुसाकडे आहे. समोसच्या सिबिलच्या ओळीत कुमारी सियोनला (सियोन म्हणजे देवाची नगरी जेरुसलेम) वंदन आहे, जिने पुष्कळ सोसलं, म्हणजे रोख मरियेकडे. डेव्हिडच्या पाटीवर स्तोत्रातली देवाच्या नगरीचा गौरव करणारी ओळ आहे. डेव्हिड आणि समोसची सिबिल शेजारी टांगले की नगरी आणि सियोन यांचा मेळ बसतो. जागी आलेलं चित्र विषयाने जास्त नेमकं जुळलं, आणि हे कोणाला ठरवून करता आलं नसतं असं वाटण्याइतकं ते सहज उतरलं आहे.

आणखी एक तुलना याच इमारतीत करता येते, ती चुकवू नये. गॅलरीत ग्वेर्चिनोचं तरुणपणातलं कामही आहे: १६२० चं कावळे बायबलमधल्या एलिया या संदेष्ट्याला अन्न देतात ते चित्र आणि १६२१ चं संत थॉमसचा संशय. तिथे अंगावर सावल्यांचे तुकडे पडलेले, कडा विरघळलेल्या, आकृत्या एकमेकींत घुसलेल्या. तीस वर्षांनंतरच्या या सिबिल सगळीकडून उजळलेल्या, कडा स्पष्ट, रंग मोकळे. समोसच्या सिबिलच्या निळ्या वस्त्राशी पाच मिनिटं थांबावं. अनेक जाणकार तरुण ग्वेर्चिनोला झुकतं माप देतात आणि उशिराच्या कामाला थंड म्हणतात. या विषयापुरतं तरी ते पटत नाही. अंगावर येणाऱ्या प्रकाशात घुमणारी सिबिल चांगली वठली असती. विचार करणारी सिबिल दाखवायला हाच स्थिर उजेड लागतो.

क्युमीची सिबिल आणि एलिया ही दोन्ही चित्रं डेनिस मॅहन यांच्या संग्रहातली. १९१० ते २०११ असं दीर्घ आयुष्य लाभलेल्या या अभ्यासकाने इटालियन बरोकला इंग्लंडमध्ये कोणी विचारत नव्हतं त्या काळात ही चित्रं घेतली. त्यांच्या पश्चात २०१३ मध्ये ५७ चित्रं ब्रिटनमधल्या संग्रहालयांना मिळाली, त्यांतली २५ नॅशनल गॅलरीला. अट अशी की चित्रं विकायची नाहीत आणि प्रवेशाला पैसे घ्यायचे नाहीत. दारात तिकीट लागत नाही त्यामागे सरकारचं धोरण आहेच, पण या माणसाचा हट्टही आहे. बाहेर पडताना देणगीच्या पेटीत जमेल ते टाकावं.

आता कॅथरीन. आर्टेमिसियाचं हे चित्र लहान आहे, ७१ गुणिले ६९ सेंटिमीटर, सुमारे १६१५ ते १६१७ मधलं, फ्लॉरेन्समध्ये केलेलं. इथे मागे सरकायचं नाही. एक मीटरवर, तिच्या डोळ्यांच्या रेषेत उभं राहायचं. ती थेट आपल्याकडे बघते. डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र, त्यावर मुकुट, मागे बारीक रेघेचं तेजोवलय. एक हात लोखंडी सुळ्यांच्या मोडक्या चाकावर, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली हुतात्म्याची ताडपात.

कॅथरीनची आख्यायिका अलेक्झांड्रियाची आहे. राजघराण्यातली अठरा वर्षांची मुलगी, रोमन सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास तत्त्वज्ञ बोलावले, तिने त्या सर्वांना निरुत्तर केलं आणि आपल्या धर्मात आणलं. मग चाकाची शिक्षा, चाक मोडलं, शेवटी शिरच्छेद. ती होऊन गेली याचा समकालीन पुरावा नाही. त्याच शहरात ४१५ मध्ये जमावाने मारलेल्या हायपेशिया या गणितज्ञ स्त्रीची छाया या कथेत आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. रोमच्या चर्चने १९६९ मध्ये तिचा सण सर्वसाधारण दिनदर्शिकेतून काढला आणि २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून परत आणला. पॅरिस विद्यापीठाने तिला आपली संरक्षक मानलं, तत्त्वज्ञांची आणि विद्यार्थ्यांची संतही तीच.

गोव्याच्या वाचकांना ती परकी नाही. अफोंसो द आल्बुकर्कने गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे तिच्या सणाचा दिवस. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्याच नावाने आहे आणि तिथल्या मुख्य वेदीमागच्या सोनेरी लाकडी कोरीवकामात तिच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. ज्यांनी ती वेदी पाहिली आहे त्यांनी लंडनच्या चित्रापुढे एक फरक लक्षात घ्यावा. वेदीवर गोष्ट सांगितली आहे, एकामागून एक प्रसंग. आर्टेमिसियाने गोष्ट काढून टाकली. सम्राट नाही, तत्त्वज्ञ नाहीत, देवदूत नाही. आणि पन्नास पंडितांना हरवणाऱ्या या बाईच्या हाती पुस्तकही नाही.

हे पुस्तक नसणं चित्राच्या गाभ्याशी आहे. १६१२ मध्ये आर्टेमिसियावर बलात्कार केल्याबद्दल आगोस्तिनो तास्सी या चित्रकारावर खटला चालला, तेव्हा साक्षीत तिने सांगितलं की तिला लिहिता येत नाही आणि वाचता थोडंसंच येतं. त्याच खटल्यात तिचं म्हणणं खरं आहे का हे ‘तपासायला’ तिच्या बोटांभोवती दोऱ्या आवळल्या गेल्या. हात हेच जिच्या धंद्याचं साधन, त्या चित्रकर्तीच्या बोटांना. काही वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये तिने स्वतःचा चेहरा देऊन कॅथरीन रंगवली आणि बोटं सुळ्यांच्या चाकावर ठेवली. तिथेच ती लिहायला शिकली. फ्रांचेस्को मारिया मारिंगी या प्रियकराला लिहिलेली तिची पत्रं टिकली आहेत आणि २०११ मध्ये ती प्रकाशित झाली. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला-अकादमीत प्रवेश मिळवणारी ती पहिली स्त्री. ग्वेर्चिनोच्या सिबिलना विद्या दिसावी म्हणून ग्रंथ आणि शिलालेख लागतात. इथे वाद जिंकणारी बाई नुसत्या नजरेने उभी आहे, आणि ते काम ती नजर करते. चित्राला खटल्याची जखम एवढंच मानणंही चुकीचं. तो चेहरा तिने विकण्यासाठी पुन्हापुन्हा वापरला. अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ संग्रहालयात तीच बाई ल्यूट वाजवते, फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सीत आणखी एक कॅथरीन आहे, आणि क्ष-किरणांच्या तपासणीत त्या चित्राच्या रंगाखाली लंडनच्या चित्राशी जुळणारी फेटेवाली आकृती दिसली. एक आराखडा, तीन चित्रं. नव्या शहरात पाय रोवणारी धंदेवाईक चित्रकर्ती असंच काम करते आणि त्यात कमीपणा नाही.

हे चित्र डिसेंबर २०१७ मध्ये पॅरिसच्या लिलावात पुढे आलं आणि २०१८ मध्ये गॅलरीने ३६ लाख पौंडांना घेतलं. जुनं वार्निश आणि नंतरचे रंग काढून ते त्याच वर्षाअखेरीस भिंतीवर आलं. दोन हजार तीनशेच्या वर चित्रांच्या संग्रहात स्त्रियांची कामं तेव्हा जेमतेम वीसएक होती, हे लक्षात ठेवून या खरेदीकडे बघावं. २०१९ मध्ये गॅलरीने हे चित्र ग्लासगोचं स्त्रियांचं ग्रंथालय, शाळा, दवाखाना आणि स्त्रियांचा तुरुंग अशा ठिकाणी फिरवलं. एवढं महाग चित्र तुरुंगात नेणं हे गॅलरीने उचललेलं फार चांगलं पाऊल होतं.

काळ्या पार्श्वभूमीच्या चित्रांची अडचण चमक ही असते. काच असो वा वार्निश, गडद भागात समोरचे दिवे आणि आपलाच शर्ट दिसतो. त्यासाठी गडद रंगाचे कपडे घालून जावं आणि चित्राच्या मधोमध न थांबता एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे करून चमक सरकवावी. कॅथरीनच्या बाबतीत चाकाकडचा कोपरा आणि खांद्याची कड अशी वेगवेगळ्या जागांवरून दिसते. मग राफाएलची कॅथरीन गाठावी. तीही याच गॅलरीत आहे, सुमारे १५०७ ची, ७२ गुणिले ५६ सेंटिमीटर, म्हणजे उंची जवळजवळ तितकीच. तिथे ती चाकावर रेलून आकाशाकडे बघते आणि चाकाचे सुळे गोल बोंडांसारखे बोथट केले आहेत. शंभर वर्षांत सुळे परत आले आणि नजर खाली, आपल्यावर आली.

दालनात फेटेवाल्या आणि पुस्तकवाल्या बायका बऱ्याच भेटतात आणि ओळखताना घोटाळा होतो. चाक, तलवार, मुकुट किंवा ताडपात असेल तर कॅथरीन. तलवारीबरोबर दासी किंवा कापलेलं डोकं असेल तर ज्यूडिथ. पुस्तकाबरोबर कवटी किंवा सुगंधी तेलाचं भांडं असेल तर मारिया माग्दालेना. वाद्य असेल तर बहुधा सेसिलिया. फेटा, ग्रंथ किंवा पाटी, आणि डोक्यामागे वलय नाही, तर सिबिल. फेटा पूर्वेकडची, जुन्या काळची स्त्री दाखवायला घालत, पण आर्टेमिसियाच्या कॅथरीनच्या डोक्यालाही वस्त्र आहे, म्हणून एकट्या फेट्यावर भरवसा ठेवू नये. नेमकी कोणती सिबिल, हे मात्र चित्रात लिहिलेलं असेल तरच म्हणावं. अक्षरं नसलेल्या अर्ध्या आकृत्यांची क्युमीची, पर्शियाची ही नावं पुष्कळदा नंतर कोणीतरी चिकटवलेली असतात आणि पाट्यांवर तशीच चालत राहतात. ग्वेर्चिनोने ओळी लिहून ठेवल्या म्हणून या दोघींबद्दल खात्रीने बोलता येतं.

घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून बघायची सोय मोफत आहे. पुणे, पणजी किंवा न्यू जर्सीत बसून पाटीवरची अक्षरं आणि चाकाचे सुळे दालनातल्यापेक्षा स्वच्छ दिसतात. दोन गोष्टी मात्र पडदा दाखवत नाही. पहिली आकार: २.२ मीटरची सिबिल आणि ७१ सेंटिमीटरची कॅथरीन पडद्यावर सारख्याच होतात आणि ग्वेर्चिनोचा सगळा भारदस्तपणा तिथे हरवतो. दुसरी गडद छटा: मोबाइलचा प्रकाश पूर्ण ठेवला तर काळा रंग करडा होतो. प्रकाश निम्म्यावर आणावा, रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करावा आणि खोलीतला दिवा मागे ठेवावा.

भिंतीवर लावायला प्रत हवी असेल तर बिगरव्यावसायिक वापरासाठी लहान आकाराची प्रतिमा संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. छापण्याआधी पिक्सेल मोजावेत. ए-४ वर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला ३५०८ गुणिले २४८० पिक्सेल लागतात, ए-३ ला ४९६१ गुणिले ३५०८. त्याहून लहान फाइल ताणली तर आधी अक्षरं आणि केसांच्या बटा जातात. कॅथरीन जवळजवळ चौरस आहे, म्हणून ए आकाराच्या कागदावर ती कापून बसवू देऊ नये, पांढरी कड सोडावी. साध्या मॅट कागदावर काळा रंग शाई पिऊन सपाट होतो आणि चाक पार्श्वभूमीत बुडतं, तेव्हा हलकी चमक असलेला फोटो कागद घ्यावा, आधी तळहाताएवढा तुकडा छापून पाहावा आणि गरज पडली तर फक्त गडद छटा किंचित उजळून घ्याव्यात. सगळं चित्र उजळलं तर चेहरा पिठूळ होतो.

लंडनमध्ये अर्धा दिवस शिल्लक असेल तर मँचेस्टर स्क्वेअरमधल्या वॉलेस कलेक्शनमध्ये डोमेनिकिनोची सिबिल आहे. तिथेही प्रवेश मोफत, वेळ १० ते ५, नॅशनल गॅलरीपासून चालत साधारण अर्धा तास. लिबियाची सिबिल राजसंग्रहात असल्यामुळे ती कुठे टांगली आहे हे त्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आधी शोधावं लागतं, आणि जिथे असेल तिथे बहुधा तिकीट लागतं. ती अर्धी आकृती आहे, मान खाली घालून वाचणारी. ग्वेर्चिनोच्या १६५१ च्या सिबिलमध्ये वाचनात सर्वांत बुडालेली हीच. एखाद्या प्रदर्शनासाठी या चौघींपैकी कोणत्याही दोघी पुन्हा शेजारी टांगल्या गेल्या, तर प्रवास त्या तारखांना बेतून आखावा.